किलोमीटरला आठशे एक रुपये

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सातारा.

सकाळी सव्वासातला गाडी सुरू करायला खाली गेलो. सुरू झाली नाही. किल्लीचं बटण दाबलं तर दारही उघडेना. त्या किल्लीच्या पोटात एक लहान लोखंडी किल्ली असते, तिनं उघडलं. बॅटरी डिकीत आहे. डिकी विजेवर उघडते. म्हणजे बॅटरी संपली की बॅटरीपर्यंत पोचता येत नाही. ही गाडी नवी असताना अठ्ठावन्न लाखांना होती आणि ती बनवणारे म्हणे जगातले हुशार इंजिनियर.

दर सोमवारी वीस मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, असं मिस्त्रीनं सांगितलं होतं. गेला सोमवार चुकला, बँकेत राजेश्वरीच्या खात्याचं काम होतं. एक सोमवार! माझी स्कूटर पावसाळाभर उभी होती, ती तिसऱ्या किकला सुरू झाली.

राजेश्वरीला जाऊन साडेचार महिने झाले. १६ जून. मेंदूत रक्तस्राव, दोन दिवस दवाखाना. गाडी बायकोची होती. मी भूजल सर्वेक्षणात एकतीस वर्षं विहिरींच्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहिली. मला गाडीची हौस कधी नव्हती. चालवता येते, एवढंच.

विमा ३० तारखेला संपतो. पुढच्या वर्षाचे बावन्न हजार सांगतायत. पूजाचा पुण्याहून फोन होता. म्हणाली, "पप्पा, त्याच्या आत विकून टाका. आणि सहा लाखांच्या खाली जायचं नाही." बरोबर आहे तिचं. पेन्शनवर ही गाडी पोसणं शक्य नाही. ठरलं. या महिन्यात विकायची.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बॅटरी साडेएकतीस हजार. ती बसवली तरी गाडी लाल दिवा दाखवत होती. गाडीला सांगावं लागतं की ही बॅटरी नवी आहे. ते सांगणारा माणूस साताऱ्यात नाही. कराडहून आला, लॅपटॉप जोडला, दहा मिनिटांत सांगून झालं. अडीच हजार. चहा घेतला नाही, वेळ नाही म्हणाला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

गाडीचे कागद एका फाइलला लावले. सप्टेंबरात ती माझ्या नावावर झाली, ते कागद वर ठेवले.

राजेश्वरीनं ही गाडी २०२१ साली पुण्यातून घेतली. तेव्हा सहा वर्षं जुनी होती. एकोणीस लाख. मी दोन दिवस बोललो नव्हतो. तिचं म्हणणं असं, की पहिल्या मालकानं आपल्यासाठी एकोणचाळीस लाख भरलेत, त्याचे आभार मानायचे सोडून तोंड कसलं पाडता? सांगलीच्या हळदीच्या अडत दुकानात वाढलेली बाई. तिला स्वस्त आणि महाग यांतलं अंतर माझ्यापेक्षा जास्त कळायचं, असं सगळे म्हणत. साताऱ्यात एमआयडीसीत तिनं हळद दळायची गिरणी टाकली आणि चालवूनही दाखवली. पुण्याच्या गिऱ्हाइकांकडं जायला ही गाडी लागते म्हणायची. "लहान गाडीतनं उतरलं की ती माणसं उधारीचं बोलतात. हिच्यातनं उतरलं की चहा विचारतात."

पण एक गोष्ट तिनं हिशेबात धरली नव्हती. गाडीची किंमत एकोणीस लाखांवर आली तरी तिच्या सुट्या भागांची किंमत अठ्ठावन्न लाखांच्या गाडीचीच राहते. टायरला कळत नाही आपण कितव्या मालकाकडं आहोत. हे मी तेव्हाच बोललो होतो. तिनं ऐकलं, हसली आणि विचारलं, "बसायचं का पुढं, का एसटीनं येताय?"

९ नोव्हेंबर, रविवार

खंडाळ्याहून एक दातांच्या डॉक्टर बाई, त्यांचे पती आणि लहान मुलगा गाडी बघायला आले. बाईंचं नाव उत्कर्षा. बोलायला चांगली माणसं. मी चक्कर मारून आणल्यावर पतींनी साडेसहा लाख म्हटलं. आपण होऊन.

लपवून विकणं मला जमणार नाही. बॅटरीचं सांगितलं. गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं आणि पुन्हा कधी बदलावं लागेल ते सांगितलं, त्याला अडतीस हजार लागतात तेही. शहरात लिटरला नऊ किलोमीटर पडतात. पुढचा दिवा फुटला तर दिव्याचे लाखभर. एवढं होईपर्यंत ते ऐकत होते. मग बाई पुढं डाव्या सीटवर बसून बघायला लागल्या, मुलाचा बिस्किटाचा पुडा त्यांनी डॅशबोर्डवर ठेवला. तेव्हा मला आठवलं की पुढचे टायर आतून घासलेत, तेही सांगितलं.

बाई खाली उतरल्या. "काका, तुम्हाला नक्की विकायची आहे ना?"

"म्हणून तर सगळं सांगतोय," मी म्हणालो.

कळवतो म्हणून गेले. संध्याकाळी जयराजचा सांगलीहून फोन. जयराज म्हणजे राजेश्वरीचा धाकटा भाऊ, वडलांचं अडत दुकान आता तो चालवतो. हे गिऱ्हाईक त्यानंच ओळखीतून पाठवलेलं.

"दाजी, तुम्ही गाडी विकताय का गाडीवर फिर्याद करताय?"

"खरं ते सांगितलं."

"खरं सांगायला कुणी मागितलं होतं का तुम्हाला? लोक मुलगी दाखवताना तिच्या दाढांचे एक्स-रे दाखवतात काय?"

मी फोन ठेवला. गाडीतला बिस्किटांचा चुरा पुसून काढला. लोकांना दुसऱ्याच्या गाडीत कसं बसावं याचं भान नसतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी गाडी पुढून उजवीकडं बसलेली. चालवणाऱ्याच्या बाजूचं चाक अर्धं आत. हिला साध्या स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. त्यातली एक गळते. सुरू केली की थोड्या वेळानं गाडी वर येते, रात्रभरात पुन्हा बसते. वॉचमन म्हणाला, "साहेब, म्हैस बसल्यागत बसलीया की." त्याला मजा वाटते.

आता बसलेली गाडी कोण घेणार. सांगलीला नाथाजी मिस्त्रीकडं नेणं भाग आहे. राजेश्वरी त्याच्याशिवाय कुणाला बॉनेट उघडू देत नव्हती.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. सांगली.

सहाला निघालो, साडेनऊला माधवनगरला पोचलो. सव्वाशे किलोमीटरला साडेतीन तास. मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत.

कराडच्या अलीकडं थांबून पाय मोकळे केले. या गाडीत माझे गुडघे स्टिअरिंगखाली घासतात. आणखी एक. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या हाताला कामच नसतं. आपला हात कुठं ठेवावा हे मला सबंध रस्ताभर कळलं नाही. राजेश्वरी तिचा माझ्या उजव्या हातावर ठेवून गाडी चालवायची. मी दरवेळी सांगायचो, हायवे आहे, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव. ऐकायची नाही.

नाथाजीनं मला उतरताना बघितलं. "आवं सायेब, शीट मागं घ्या की जरा. गुडघं सोलून निघालं असतील तुमचं."

"सवय झालीये."

"आवं, बटन हाय तिला. असं दाबलं की—"

"राहू द्या म्हटलं ना."

गाडी जॅकवर घेतली. हवेची पिशवी फुटली आहे, आणि टायरही गेलेत. "हात घाला हितं. तार लागतीया का? हायवेला फुटला असता म्हंजे?" ट्रायल घ्यायला तो आत बसायला गेला आणि त्याचा हात सीटच्या बटणांकडं गेला. मी म्हणालो, तुम्ही शेजारी बसा, मीच चालवतो. नाथाजी माझ्याकडं बघत राहिला. मिस्त्री लोकांना लावलेली वस्तू हलवायची खोड असते.

मूळ कंपनीचा भाग मागवला तर सव्वा लाख. दुसऱ्या मेकचा बसवून, मजुरी धरून अडुसष्ट हजार.

"सायेब, रागावू नगासा. गाडी इकायचीच हाय तर एवढं कशाला घालताय? हाय तशी द्या की कुणाला तरी."

"बसलेली गाडी द्यायची? ते बरं दिसत नाही."

"कुणाला बरं दिसत न्हाई?"

काम करा म्हणून सांगितलं. एसटीनं परत आलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नाथाजीचा फोन, गाडी तयार आहे. पैसे पाठवले. तिथंच राहू द्या म्हटलं, गिऱ्हाईक सांगलीतच बघतो आहोत.

१६ जूनपासूनचा खर्च लिहून काढला. बॅटरी ३४ हजार, हवेची पिशवी ६८ हजार, दोन टायर ३५ हजार, नावावर करायला ६,४००, डिझेल ५,६००. एकूण एक लाख एकोणपन्नास हजार. या काळात गाडी चालली १८६ किलोमीटर. किलोमीटरला आठशे एक रुपये. दोनदा भागाकार केला.

पूजाला फोनवर सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल आता तरी पप्पांना पटलंय. ती एकदम चिडली. "सहा लाखांच्या गाडीवर दीड लाख घातले? विकायला? पप्पा, तुमचं चाललंय काय? आईच्या साड्या तुम्ही एका दिवसात वाटून टाकल्यात. मला विचारलंसुद्धा नाहीत. आणि या डब्यासाठी…"

साड्या पडून राहिल्या असत्या तर कसर लागली असती. साड्यांचा आणि गाडीचा काय संबंध, ते तिनं सांगितलं नाही. रडायला लागली. जेवलीस का, विचारलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

या आठवड्यात दोघांचे फोन येऊन गेले. एकाला मी खर्चाचे आकडे वाचून दाखवले, त्यानं मध्येच ठेवला. दुसरा म्हणाला गाडी कापून सुटे भाग विकणार, त्याला मीच नको म्हटलं.

जयराज दुपारी स्वतः साताऱ्याला आला. पाणीसुद्धा न पिता बोलायला लागला.

"गिऱ्हाईक आणलंय. दादासो म्हणून हळदीतले जुने व्यापारी आहेत. पोरगा शिवतेज लग्नाला गाड्या भाड्यानं देतो. आता सीझन. नवरदेवासाठी पांढरी गाडी पाहिजे त्याला. नाथाजीकडं जाऊन आतनं-बाहेरनं बघून झालीये. म्हणजे तुमचं ते पुराण वाचायची गरज नाही."

"किंमत?"

"ती तुम्ही करायची. म्हाताऱ्याची रीत आहे. मार्केट यार्डात आता उघडा लिलाव असतो, पण घरचा सौदा तो अजून टॉवेलखालीच करतो. बैल असो नाहीतर ट्रॅक्टर. आणि मालकाचाच हात लागतो त्याला, माझा चालणार नाही."

मग त्यानं मला शिकवलं. एक बोट धरलं म्हणजे एक लाख. सबंध पंजा म्हणजे पाच. बोटाच्या मधल्या पेरावर अंगठा दाबला की अर्धा लाख. तोंडानं एक अक्षर बोलायचं नाही. पटलं नाही तर हात सोडवून घ्यायचा, मग तो पुन्हा हात मागतो आणि वाढवतो. हात सोडवला नाही तर सौदा झाला.

"पंजा आणि वर एक बोट. सहा. तोवर सोडवत राहायचं. पहिल्या खेपेला तो चार-साडेचार दाखवणारच. लगेच सोडवा. कळलं का? अक्का बारा वर्षांची असताना दुकानात बसून हे करायची. आणि दाजी, तुमच्यासाठी हीच पद्धत बरी आहे. तुम्ही बोललात की गिऱ्हाईक पळतं. इथं बोलायचंच नाही."

टेबलावर त्यानं माझ्या पंच्याखाली दोन वेळा सराव करून घेतला. गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं, मीच हात काढून घेतला. "हां, असं," म्हणाला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पहाटेच्या एसटीनं सांगलीला गेलो. जयराजच्या दुकानी दहाला सगळे जमले. नाथाजीनं गाडी धुऊन आणली होती, सीट न हलवता. तिनं सरळ उभं राहायला अडुसष्ट हजार घेतलेत, त्यामुळं सरळ उभी होती.

दादासो सत्तरीचे असावेत. पांढरा सदरा, टोपी, आणि हात मनगटापर्यंत पिवळे. गोदामातून उठून आले होते. शिवतेज गाडीभोवती फिरत फोनवर कुणाला तरी फोटो पाठवत होता. जयराजनं माझ्याकडं बघून सहा बोटं दाखवली, मग डोकं खाजवल्यासारखं केलं.

दादासो माझ्याशेजारी बाकावर बसले. "राजाक्काचं मालक न्हवं तुमी?"

"हो."

"लय खमकी बाई. ह्याच बाकावर बसून हळदीच्या आख्ख्या ढिगाचा, वक्कलाचा सौदा केलता माज्याशी. मी क्विंटलला अडीचशानं मार खाल्ला." हसले. मग म्हणाले, "आय्या-बाया असल्या आता न्हाईत. द्या हात, सायेब."

खांद्यावरचा टॉवेल त्यांनी आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. मी उजवा हात दिला. त्यांचा हात गरम आणि खरखरीत होता. सगळा हात त्यांनी आधी नुसताच धरला, घट्ट, जसं काही वजन बघतायत. मग चार बोटं वेगळी धरली. मग तर्जनीच्या मधल्या पेरावर अंगठा दाबला.

साडेचार.

लगेच सोडवायचा होता. दादासो दुकानाबाहेर रस्त्याकडं बघत बसले होते. घाई नव्हती त्यांना. एक टेम्पो पोती घेऊन मागं मागं येत होता, त्याला कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. तो दुकानाला लागला, मागचा फाळका पडला, दोन पोती उतरली. माझा हात तिथंच होता. त्यांनी पुन्हा एकदा पेर दाबलं. मी तसाच बसलो.

"झालं," दादासो म्हणाले आणि टॉवेल उचलला.

जयराज हसत पुढं आला. "किती?"

"साडेचार."

त्याचं तोंड बघवेना. पण यार्डातली चार माणसं उभी होती, टॉवेल उचलला होता, आता शब्द फिरवला तर त्याचीच अडचण. त्यानं पेढे मागवले. शिवतेजनं वाकून नमस्कार केला. "काका, टेन्शन घेऊ नका, गाडी पोरीगत सांभाळतो." पैसे अर्ध्या तासात बँकेत आले. फॉर्मांवर सह्या केल्या. खर्चाच्या आकड्यांची वही त्याला देऊ केली, तर म्हणाला नाथाजीअण्णा हायत की, वही कशाला.

माझ्यादेखत तो आत बसला. बटण दाबलं. सीट मागं गेली, खूप मागं, तिचा तो बारीक घुं आवाज होत राहिला. उंच आहे पोरगा. आरसे ठीक करून गेला.

गाडी वळल्यावर जयराज मला आत घेऊन गेला.

"दाजी, काय केलंत हे? दीड लाख! पहिल्याच खेपेला? तो सहापर्यंत यायला तयार होता हो, शिवतेज कालच मला बोलला होता! सोडवायचा होता हात. एवढंच काम होतं. एवढंच!"

"बोटं कळली नाहीत मला," मी म्हणालो.

"कळली नाहीत! दोनदा शिकवलं. साडेचारला विकली म्हटल्यावर अक्कानं तुम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं." मग नाक शिंकरलं. जेवून जा म्हणाला, मी नको म्हटलं.

मी खोटं बोललो. बोटं कळली होती. चार आणि अर्धं, पहिल्यांदा दाबलं तेव्हाच. सोडवायचं राहून गेलं, का ते मला सांगता येणार नाही. दीड लाखाचं नुकसान आणि वरचा दीड लाख खर्च. असा गाढवपणा मी नोकरीत कधी केला नाही. पूजाला उद्या फोन करीन. आज तिची बोलणी ऐकायची ताकद नाही.

दीडची एसटी मिळाली, खिडकी मिळाली. सव्वाशे किलोमीटर, आणि किलोमीटरला दोन रुपयेसुद्धा पडले नाहीत. पाचला घरी. खाली वॉचमननं विचारलं, "म्हैस गेली का, साहेब?" गेली म्हटलं.

एका माणसाचा भात लावायचा होता. उजव्या हाताला बोटांच्या पेरांत आणि तळव्यावर हळद लागलेली आहे. प्रवासात घाम येऊनही गेली नाही. तो हात ओट्यावर बाजूला ठेवला. एक वाटी तांदूळ पातेल्यात घेतले, नळ सोडला आणि डाव्या हातानं धुतले. नीट जमत नव्हतं, पाणी ओतताना थोडे सिंकमध्ये गेले. ते वेचून पातेल्यात टाकले आणि पुन्हा धुतले.